सॉल्सबरी: कॅथेड्रलइतकाच वेळ भोवतालच्या घरांना द्या

इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातल्या सॉल्सबरी शहरात येणारे बहुतेक पर्यटक कॅथेड्रलचा १२३ मीटर उंच मनोरा पाहतात, १२१५ सालच्या मॅग्ना कार्टा या राजसत्तेला मर्यादा घालणाऱ्या सनदेच्या आज शिल्लक असलेल्या चार प्रतींपैकी तेथे जपलेली प्रत पाहण्यासाठी रांगेत उभे राहतात आणि लगोलग स्टोनहेंज या जवळच्या प्रागैतिहासिक शिळावर्तुळाच्या वाटेला लागतात. कॅथेड्रलच्या भोवती तटबंदीच्या आत वसलेली घरांची वस्ती, जिला तेथे ‘क्लोज’ म्हणतात, ती मात्र त्यांच्या पाहण्यातून सुटते. माझ्या मते सॉल्सबरीला जाण्याचे खरे कारण ही वस्तीच आहे, आणि तिच्यासाठी निदान एक पूर्ण दिवस हाताशी ठेवावा.

या वस्तीचा जन्म स्थलांतरातून झाला. आधीचे कॅथेड्रल जवळच्या ओल्ड सेरम टेकडीवर होते. तेथील पाण्याची टंचाई, झोंबणारा वारा आणि किल्ल्यातील शिबंदीशी उडणारे खटके यांना कंटाळून बिशप रिचर्ड पुअर यांनी खाली नदीकाठच्या सपाट जमिनीवर नवे कॅथेड्रल बांधायला घेतले. १२२० साली पाया घातला गेला आणि १२५८ साली मुख्य इमारतीचे पवित्रीकरण झाले. कॅथेड्रलच्या सेवेतील धर्माधिकाऱ्यांना भोवतालच्या जमिनीचे तुकडे देण्यात आले आणि प्रत्येकाने आपले घर स्वतः उभारावे असे ठरले. या एका निर्णयामुळे क्लोजमधील कोणतीही दोन घरे एकसारखी नाहीत. शिवाय नंतरच्या रहिवाशांनी जुने घर पाडण्याऐवजी त्याला आपल्या काळाचा दर्शनी भाग चढवला, त्यामुळे अठराव्या शतकातील नीटस विटांच्या भिंतीमागे तेराव्या शतकातील दगडी दालन असणे ही येथे नित्याची बाब आहे.

शहराच्या बाजूने हाय स्ट्रीट गेटमधून आत शिरावे. दुकानांच्या गजबजलेल्या रस्त्यावरून कमानीखालून चार पावले टाकली की समोर विस्तीर्ण हिरवळ येते. आत येताच डाव्या हाताला विटांची लांबलचक इमारत दिसते, ती धर्मोपदेशकांच्या विधवांसाठी बिशप सेथ वॉर्ड यांनी १६८२ साली बांधलेली ‘कॉलेज ऑफ मेट्रन्स’. तेथून पुढे जाण्याची घाई न करता क्लोजच्या तटाची भिंत जवळून न्याहाळावी, असा माझा आग्रह आहे. १३२७ साली तिसऱ्या एडवर्ड राजाने तटबंदीची परवानगी दिली आणि पुढे टेकडीवरच्या जुन्या कॅथेड्रलचे दगड या कामासाठी वापरण्यात आले. साध्या चिऱ्यांच्या ओळीत मधूनच नॉर्मन धाटणीची नक्षी कोरलेला एखादा दगड दिसतो, आणि पाडलेल्या कॅथेड्रलचा तो तुकडा आज कुंपणाचे काम करतो आहे हे लक्षात आल्यावर भिंतीवरून नजर हटत नाही.

आतून पाहण्याच्या घरांमध्ये मी मॉम्पेसन हाउसला निःसंकोच पहिला क्रमांक देईन. कॉरिस्टर्स ग्रीन या छोट्या हिरवळीसमोर हे घर उभे आहे. पावसाचे पाणी उतरवणाऱ्या पन्हाळींच्या शिशाच्या पेट्यांवर चार्ल्स मॉम्पेसन यांच्या नावाची आद्याक्षरे आणि १७०१ हे साल आजही वाचता येते. बाहेरून घर अगदी संयत आहे. आत जिन्यापाशी आलो की मात्र १७४० च्या दशकातील गिलाव्याचे उठावदार काम भिंतींवर आणि छतावर पसरलेले दिसते. फुले, फळे आणि वळणदार पाने इतकी सफाईने उठवली आहेत की खालच्या पायरीवरून एक आकार दिसतो आणि वळणावरून दुसराच. जिना चढताना मधल्या टप्प्यावर थांबून मागे वळून पाहावे, कारण पूर्ण रचना तेथूनच डोळ्यांत मावते.

याच घरात अठराव्या शतकातील मद्याच्या काचपात्रांचा टर्नबुल संग्रह आहे. काचेच्या कपाटांपुढून लोक भराभर पुढे सरकतात, पण त्या पेल्यांच्या देठांमध्ये पांढऱ्या काचेचे धागे पिळून बसवण्याची कारागिरी नाक काचेला टेकवून पाहण्याच्या योग्यतेची आहे. घर नॅशनल ट्रस्ट या जुन्या वास्तू जपणाऱ्या संस्थेच्या ताब्यात असल्याने संस्थेच्या सदस्यांना प्रवेश विनामूल्य मिळतो. दालने मोजकी असल्यामुळे पाहणारा थकत नाही, आणि मोठ्या सरदारी वाड्यांमध्ये जे दडपण येते ते येथे येत नाही. मागची भिंतीआडची बाग हा या भेटीचा तितकाच महत्त्वाचा भाग आहे. १९९५ सालच्या ‘सेन्स अँड सेन्सिबिलिटी’ चित्रपटाचे काही चित्रीकरण या घरात झाले होते, त्यामुळे काहींना खोल्या ओळखीच्या वाटतील.

अरुंडेल्स हे घर वेगळ्या कारणासाठी पाहावे. माजी पंतप्रधान एडवर्ड हीथ १९८५ पासून २००५ साली मृत्यू येईपर्यंत येथे राहिले आणि त्यांचे सामान, चित्रे, पियानो व ‘मॉर्निंग क्लाउड’ या शर्यतीच्या नौकांच्या आठवणी अजून तेथे मांडलेल्या आहेत. राजकारणात रस नसलेल्या माणसालाही संगीत आणि शिडाची नौका या दोन छंदांवर जगलेला माणूस येथे भेटतो. वास्तू म्हणून मला ते मॉम्पेसन हाउसच्या तोलाचे वाटले नाही, पण त्याची बाग मागे नदीपर्यंत उतरत जाते, आणि केवळ तेवढ्यासाठीही तिकिटाचे पैसे वसूल होतात.

किंग्ज हाउसमध्ये १९८१ पासून सॉल्सबरी संग्रहालय आहे. पहिल्या जेम्स राजाचा येथे मुक्काम झाला, म्हणून घराला हे नाव पडले. पुढे त्यात शिक्षिकांचे प्रशिक्षण महाविद्यालय चालत असे. स्टोनहेंज परिसरातील उत्खननात सापडलेल्या वस्तू येथे असल्याने स्टोनहेंजला जाण्यापूर्वी हे संग्रहालय पाहणे अधिक उपयोगी ठरते. त्याच रस्त्यावरील लेडनहॉल या घराची मूळ वास्तू कॅथेड्रलच्या बांधकामावर देखरेख करणाऱ्या इलायस ऑफ डेरहॅम यांनी उभारली होती. चित्रकार जॉन कॉन्स्टेबल आपले मित्र जॉन फिशर यांच्याकडे याच घरी उतरत असत, आणि सॉल्सबरीच्या मनोऱ्याची त्यांची प्रसिद्ध चित्रे या मैत्रीतून घडली.

कॅथेड्रलभोवतीची मोकळी हिरवळ मात्र मध्ययुगातील नाही, हे ध्यानात ठेवावे. अठराव्या शतकाच्या अखेरीस वास्तुविशारद जेम्स वायट यांनी तेथील दफनभूमी सपाट केली आणि स्वतंत्र उभा असलेला घंटामनोरा पाडला. आजचे देखणे दृश्य त्यातून मिळाले हे खरे असले, तरी त्या घंटामनोऱ्याची हळहळ मला वाटते.

उणिवाही सांगायला हव्यात. प्रत्येक घराचे तिकीट वेगळे आहे, उघडण्याचे वार व महिने वेगवेगळे आहेत आणि हिवाळ्यात निराशा पदरी पडू शकते, म्हणून निघण्यापूर्वी वेळापत्रके जुळवून पाहावीत. बाहेरून पाहायच्या घरांवर माहितीचे फलक कमी आहेत, त्यामुळे पूर्वतयारीविना आलेल्या माणसाला लेडनहॉलसमोरून जाताना त्याचे महत्त्व कळण्याचा मार्ग नाही. घरांसमोर उभ्या असलेल्या मोटारींमुळे काही सुरेख दर्शनी भाग अर्धेच दिसतात. अर्थात ही वस्ती आजही राहती आहे आणि तेथील लोकांना गाड्या ठेवायला जागा हवीच, तरीही कॉरिस्टर्स ग्रीनच्या बाजूला त्या खुपतात.

बाहेर पडताना आलेल्या वाटेने न परतता सेंट अ‍ॅन्स गेटमधून निघावे. या दरवाजावरील खोलीत संगीतकार हँडेल यांनी आपले वादन केले होते, असे परंपरेने सांगितले जाते. तेथून शहरात शिरले की बिशप पुअर यांच्या काळातील काटकोनी रस्त्यांची आखणी अजूनही पायांखाली जाणवते. फिश रो, बुचर रो या नावांवरून कोठे काय विकले जाई ते उघड आहे, आणि कोपऱ्यावर पोल्ट्री क्रॉस हा बाजारातील दगडी मंडप उभा आहे. न्यू कॅनॉल रस्त्यावर पंधराव्या शतकातील लोकरीचे व्यापारी जॉन हॅल यांचे लाकडी छताचे दालन आहे. १९३१ साली मागे चित्रपटगृह बांधले गेले तेव्हा हे दालनच त्याचे प्रवेशद्वार झाले. वेळ कमी असेल तर ज्यांना घरांची आवड आहे त्यांनी अरुंडेल्स वगळावे आणि हे दालन पाहावे. मुक्काम सॉल्सबरीतच असेल, तर संध्याकाळी पर्यटक पांगल्यावर क्लोजमध्ये पुन्हा एक फेरी जरूर मारावी. रात्री त्याचे दरवाजे आजही बंद केले जातात, तेव्हा ती वेळ आधी विचारून घ्यावी.