देणगीची पावती, बक्षीसपत्र आणि 'शंभर टक्के करमाफी'

माझी मावशी सांगलीत एकटी राहते. काका आयुष्यभर शाळेत शिक्षक होते. त्यांच्यामागे त्यांच्या नावाने गरीब मुलांना दरवर्षी शिष्यवृत्ती द्यायची, असं तिने मनाशी ठरवलं होतं. मार्चमध्ये एका धर्मादाय संस्थेचा माणूस घरी आला, काकांच्या फोटोला हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, कायमनिधीत पैसे ठेवा, व्याजातून शिष्यवृत्ती निघेल. शिवाय शंभर टक्के करमाफी." तिने दीड लाखाचा चेक आणि पन्नास हजार रोख दिले.

करमाफीचं आश्वासन मुळातच खोटं होतं. आयकर कायद्याच्या कलम ८०जी खाली बहुतेक खासगी संस्थांच्या देणगीवर निम्मीच वजावट मिळते, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत. मावशीचं उत्पन्न सहा लाखांच्या आसपास. म्हणजे साठ हजारच धरले जाणार, त्यातले तीस हजार करपात्र उत्पन्नातून वजा होणार, आणि प्रत्यक्ष कर वाचणार सहा हजारांच्या आसपास! रोख दिलेले पन्नास हजार तर हिशेबातच येत नाहीत, कारण २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला वजावट नाही. शंभर टक्के वजावट पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी, मुख्यमंत्री सहायता निधी अशा मोजक्या ठिकाणी मिळते. आणि २०२३-२४ पासून आपोआप लागू होणाऱ्या नव्या करप्रणालीत राहिलात तर ८०जी मिळतच नाही.

रिटर्न भरताना सीएंनी १०बीई प्रमाणपत्र मागितलं. संस्थेने देणगीची माहिती आयकर खात्याकडे भरली की हे प्रमाणपत्र निघतं, आणि ते ३१ मेपर्यंत देणगीदाराला द्यायचं असतं. मावशीकडे होती फक्त रंगीत पावती. सीएंनी आयकर खात्याच्या पोर्टलवर शोधलं, तर संस्थेच्या नावावर ८०जीची चालू मंजुरीच नव्हती. मग त्या माणसाने दाखवलेला कागद कसला? तो धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदणीचा होता, आणि खरा होता. पण न्यास म्हणजे ट्रस्ट म्हणून नोंदणी वेगळी, ८०जीची मंजुरी वेगळी. साध्या माणसाला हा फरक कुठून कळणार? नेमकं तेच त्यांनी हेरलं होतं. ज्या शाळेत शिष्यवृत्ती द्यायची म्हणून सांगितलं होतं, तिथे या संस्थेचं नावही कुणी ऐकलेलं नव्हतं.

यापुढचं मला जास्त भयंकर वाटतं. मावशीच्या कपाटात एक मसुदा सापडला. राहता फ्लॅट संस्थेला द्या, म्हणजे तुमच्यामागे वारसा कर पडणार नाही, असं तिला पटवून दिलं होतं. आपल्याकडे असा कर नाहीच. इस्टेट ड्यूटी नावाचा तसा कर होता, तो १९८५ मध्येच रद्द झाला. वस्तू किंवा घर दान केलं तर ८०जी वजावटही मिळत नाही. "हे मृत्युपत्रासारखंच आहे, मावशी," असं तो म्हणाला होता. मसुदा होता बक्षीसपत्राचा. मृत्युपत्र माणूस हयात असेपर्यंत कितीही वेळा बदलू शकतो. बक्षीसपत्राची नोंदणी झाली की घर दिल्या दिवसापासून दुसऱ्याचं, आणि ते परत मिळवायला कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागतात. सही व्हायची बाकी होती, एवढंच नशीब.

संस्थेचा तो माणूस आता फोन उचलत नाही. पोलिसांत आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात आम्ही अर्ज दिलेत, चेकची प्रत आणि पावती जोडून; रोख रकमेचा पुरावा म्हणजे फक्त ती पावती. अजून उत्तर नाही. मावशी काकांच्या नावाची शिष्यवृत्ती आता थेट शाळेत जाऊन, मुख्याध्यापकांशी बोलून सुरू करणार आहे, करसवलत मिळो न मिळो.

तुमच्या घरातल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडे कुणी अशी पावती किंवा मसुदा देऊन गेलं असेल, तर तो कागद फाडू नका. त्यावरचा संस्थेचा पॅन आणि ८०जीचा क्रमांक आजच पोर्टलवर तपासा, आणि सीए किंवा वकिलाने वाचल्याशिवाय त्यांना कशावरही सही करू देऊ नका.