मालवणातली ती 220 रुपयांची डबी
बाजारपेठेतल्या एका दुकानातून डोळ्याखालच्या काळ्या वर्तुळांसाठी कोरफडीचं जेल घेतलं, 15 ग्रॅमची एवढीशी डबी आणि वर लिहिलंय 7 दिवसात फरक. महिना झाला, काळेपणा आहे तिथेच. लावल्यावर गार वाटतं हे खरं, पण ते तर वापरलेली टी बॅग फ्रीजमध्ये ठेवून 10 मिनिटं डोळ्यांवर ठेवली तरी वाटतं, वर कॅफिनने रक्तवाहिन्या आकसून सूज जरा उतरते. जेलला वास मारलाय, डोळे चुरचुरतात, मग चोळले जातात आणि चोळून अजून काळे! आमच्याकडे आजीपासून सगळ्यांना आहेत म्हणा, त्याला जेल काय करणार. परसातली कोरफड फुकट आहे, पिवळा चीक निथळून टाका फक्त. 2 स्टार, ते पण डबी काचेची आहे म्हणून, आता त्यात लवंगा ठेवल्यात.