औषधांच्या पेटंटची बोलणी: दोघांत बसून की जिनिव्हाला?

समोरच्या देशाने औषधांच्या पेटंट कायद्यात काहीतरी बदल मागितलाय आणि आपल्या बाजूची नोट लिहायचं काम तुमच्या गळ्यात पडलंय, तर पहिला प्रश्न हाच येतो की हे दोघांच्याच व्यापार करारात मिटवायचं की आम्ही जे बोलू ते डब्ल्यूटीओत (जागतिक व्यापार संघटनेत) बोलू म्हणून तिच्या मुख्यालयाकडे, जिनिव्हाकडे, बोट दाखवायचं. मी यातून एकदा गेलोय. म्हणजे निर्णय माझा नव्हता, जेनेरिकवाल्यांच्या (मूळ औषधाची स्वस्त आवृत्ती बनवणाऱ्यांच्या) एका संघटनेला मी टेक्निकल नोट्स करून द्यायचो, पण शिफारशीखाली सही माझी होती. ट्रिप्स म्हणजे डब्ल्यूटीओचा बौद्धिक संपदेचा करार, त्याचा बाकी तपशील आणि पेटंटची वीस वर्षं कुठून मोजतात हे सोडून देतो, ते तुम्हाला माहीतच असणार.

जिनिव्हाचं दुखणं आधी सांगून टाकतो, कारण ते लपण्यासारखं नाहीच. तिथे सगळं एकमताने चालतं, एकाने नाही म्हटलं की गाडी अडली. ट्रिप्स आणि सार्वजनिक आरोग्यावरचा डब्ल्यूटीओचा दोहा जाहीरनामा नोव्हेंबर २००१ चा. ज्या देशात औषधाचे कारखानेच नाहीत त्याने कम्पल्सरी लायसन्स (पेटंटवाल्याच्या संमतीशिवाय औषध बनवायचा सरकारी परवाना) देऊन करायचं काय, हा प्रश्न त्यात सहाव्या परिच्छेदात पुढे ढकलला, मग तात्पुरता तोडगा ऑगस्ट २००३ ला, कायमची दुरुस्ती मंजूर डिसेंबर २००५ ला आणि ती लागू झाली थेट जानेवारी २०१७ ला. एवढं करून त्या वाटेने माल प्रत्यक्ष पोचला तो कॅनडातून रवांडाला, एचआयव्हीच्या गोळ्या, २००८-०९ मध्ये दोन खेपांत. बस्स. कोविडलाही तीच गत. भारत आणि दक्षिण आफ्रिकेने ट्रिप्समधून सूट मागितली ऑक्टोबर २०२० मध्ये, मिळाली जून २०२२ मध्ये आणि तीही फक्त लशींपुरती, औषधं आणि टेस्ट किटचं नंतर बघू म्हणाले, ते बघणं काही झालं नाही.

त्यामानाने दोघांचं टेबल बरं वाटतं, खोटं कशाला बोला. समोर एकच माणूस, दोन-तीन वर्षांत कागद तयार होऊ शकतो, आणि मुख्य म्हणजे हातात काहीतरी पडतं, कपड्यांवरचं शुल्क कमी, कोळंबीवरचं कमी, व्हिसाचं काहीतरी. ज्यांना निर्यात वाढवून दाखवायची असते त्यांचा कल तिकडे असतो आणि त्यांचंही चूक नाही.

फक्त या टेबलावर मागतात काय ते नीट बघा. पेटंटची मुदत वाढवा हे मागणं निदान डोळ्याला दिसतं. खरं दुखतं ते डेटा एक्सक्लुझिव्हिटीने. पेटंट संपलेलं असो की मुळात नसो, ठरलेली वर्षं जेनेरिकवाल्याला मूळ कंपनीच्या चाचण्यांच्या जोरावर मंजुरी मिळत नाही. ट्रिप्सच्या ३९.३ कलमात डेटाचा गैरवापर होऊ देऊ नका एवढंच आहे, वर्षांचा आकडा नाही. आकडा येतो करारांतून आणि तो मागणाऱ्याच्या घरचा असतो, अमेरिकेत नवीन रेणूला पाच वर्षं, बायोलॉजिकला (जिवंत पेशींपासून बनवलेल्या औषधाला) बारा, युरोपात आठ आणि वर दोन बाजारबंदीची, म्हणजे जेनेरिक विकायला आणता येत नाही अशी. यात अपवाद लिहून घेतला नाही तर कम्पल्सरी लायसन्स खिशात असूनही औषध नियामकाच्या दारातच अडकतं.

यावर कोणीतरी म्हणेल की असली कलमं नंतर निघतातही की. निघतात. अमेरिकेच्या पेरूबरोबरच्या करारात २००७ मध्ये ढिली झाली, टीपीपी या बारा देशांच्या पॅसिफिक करारातली बायोलॉजिकची कलमं उरलेल्या अकरा देशांनी गोठवली, यूएसएमसीए या अमेरिका-मेक्सिको-कॅनडा करारातली बायोलॉजिकची दहा वर्षं डिसेंबर २०१९ मध्ये गेली. पण काढली कोणी? दोन वेळा खुद्द अमेरिकेच्या काँग्रेसमधल्या ओढाताणीने, आणि टीपीपीच्या वेळी तर अमेरिका स्वतःच उठून गेली म्हणून. लहान बाजूने वाटाघाटीत जोर लावून काढून घेतली असं मला तरी या तिन्हींत दिसत नाही, समोरच्याच्या घरातल्या भांडणावर आपली नोट बेतायची का ते तुम्ही ठरवा.

आता माझं मत कशाने फिरलं ते. मसुद्यात ज्या शब्दांवर वाद असतो ते चौकटी कंसात ठेवतात. आमच्या डेटाच्या कलमाभोवतीचा कंस कित्येक महिने तसाच होता, मला त्या कंसाची सवयच झाली होती. एका सकाळी नवीन प्रत आली आणि कंस गायब, वाक्य मोकळं उभं. रात्री कपड्यांच्या शुल्कावर सौदा झाला होता. मी विचारलं हे कसं काय दिलं, तर व्यापाराच्या बाजूचे साहेब शांतपणे म्हणाले, अहो आपण फक्त यांनाच देतोय ना, बाकीच्यांशी काय संबंध. मी ट्रिप्सचं चौथं कलम उघडून त्यांच्यापुढे ठेवलं. मालाच्या शुल्कात एका देशाला दिलेली सवलत मुक्त व्यापार कराराखाली त्याच्यापुरती ठेवता येते, गॅट या मालाच्या व्यापाराच्या कराराच्या चोविसाव्या कलमात ती सोय आहे. ट्रिप्समध्ये तशी सोय नाही, १९९५ नंतर एकाच्या नागरिकांना, कंपन्यांना जे दिलं ते डब्ल्यूटीओतल्या सगळ्यांना आपोआप आणि विनाअट. म्हणजे आपण देतो ते सगळ्या जगाला आणि घेतो ते एकाच दुकानातून. साहेबांनी कलम दोनदा वाचलं, चष्मा काढून पुसला, आणि म्हणाले हे आधी कोणी सांगितलं नाही. माझ्या दुसऱ्या नोटच्या तिसऱ्या पानावर होतं ते, पण असो.

तुमचा निर्यातीचा आकडा फार मोठा असेल आणि औषधं तसंही बाहेरूनच येत असतील तर हिशोब वेगळा पडू शकतो, मी काही सगळ्यांना एकच औषध देणार नाही. पण मला विचाराल तर मी जिनिव्हाचा कंटाळा पत्करेन. तिथे उशीर होतो पण तो उशीर सगळ्यांनाच होतो, आणि वाट बघताना हातातलं काही जात नाही, भारताच्या पेटंट कायद्यातल्या ३(ड) सारखं, जुन्या औषधातल्या किरकोळ बदलाला नवं पेटंट नाकारणारं कलम असेल तर ते शाबूत राहतं. दोघांत बसावंच लागलं तर बौद्धिक संपदेच्या प्रकरणात ट्रिप्स आणि दोहाला धरून राहू एवढंच लिहा, वर्षांचा आकडा कुठेही येऊ देऊ नका, तळटीपेत तर नाहीच नाही.

त्या कपड्यांच्या शुल्काचं पुढे काय झालं तर, समोरच्या देशाने काही वर्षांत तीच सवलत आमच्या दोन स्पर्धकांनाही दिली. डेटाचं कलम मात्र अजून आहे तिथेच आहे.