गोटी, पिसवा आणि अर्धा मिली औषध

मंगळवार पेठेतलं आमचं घर जुनं, लाकडी माळ्याचं. पावसाळा लागला की फळ्यांच्या फटींत ओल धरते आणि आमच्या मांजरीला, गोटीला, पिसवा होतात. यंदा तर शेपटीच्या बुडाशी चावून चावून तिनं केस उपटले. बारीक फणी फिरवली तर काळे कण निघाले. ओल्या कापसावर टाकले, भोवती तांबूस डाग पसरला. पिसवांची घाण ती, म्हणजे गोटीचंच रक्त.

औषध आणायला गेले तर दुकानदार म्हणाला, "वैनी, मांजराचं संपलंय. कुत्र्याचं न्या, निम्मं घाला. औषध एकच." खोकं उलटून वाचलं, तर पर्मेथ्रिन! तिथंच परत दिलं. अजून आठवलं की हात गार पडतात. कुत्र्याला चालणारं पर्मेथ्रिन मांजराच्या यकृताला पचवता येत नाही. अंग थरथरतं, झटके येतात, जीवही जातो. निम्मं घातलं म्हणून धोका निम्मा होत नाही. घरात कुत्रा असेल आणि त्याला हे लावलं असेल, तर ते पूर्ण वाळेपर्यंत मांजराला त्याच्याजवळ झोपू देऊ नका. चुकून लागलंच तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणानं धुवा आणि लगेच डॉक्टर गाठा.

डॉक्टरांनी गोटीचं वजन केलं, 3 किलो 200 ग्रॅम, आणि फ्रंटलाइन प्लस दिलं, मांजरांसाठीचं. अर्ध्या मिलीची एक नळी. त्यातलं फिप्रोनिल मोठ्या पिसवा मारतं, एस-मेथोप्रीन अंडी-अळ्या वाढू देत नाही. 8 आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला लावायचं नाही. घरात ससा असेल तर त्याला तर हे अजिबात नको, फिप्रोनिल सशाला विषारी आहे.

लावायची जागा मानगूट, कवटीच्या अगदी खाली, जिथं तिची जीभ पोचत नाही. केस दोन्हीकडं सारून गोरी कातडी दिसली की नळी तिथं टेकवून पिळायची. पहिल्यांदा माझ्या हातून निम्मं केसांवरच गेलं. तिनं पंजानं पुसून चाटलं आणि तोंडातून फेस काढला, कडवट असतं ना ते. दुसऱ्या महिन्यात यांनी तिला टॉवेलात धरलं, मी लावलं, नीट झालं. आधी-नंतर दोन दिवस आंघोळ नाही, जोडीला पावडर नाही.

दुसऱ्या दिवशी चादरीवर मेलेल्या पिसवा पडल्या होत्या. पंधरा दिवसांनी पुन्हा दोन-चार दिसल्या, तेव्हा औषध खोटं वाटलं. पण फटींतल्या कोषांतून नव्या निघत राहतात. गोधड्या कढत पाण्यात धुतल्या, फळ्या रोज झाडल्या, तेव्हा थांबलं.

तक्रार एकच. माहितीच्या कागदावरची अक्षरं इतकी बारीक की भिंगाशिवाय वाचवत नाहीत, आणि मराठीत काहीच नाही.

आता तिसरी नळी झाली. गोटीच्या शेपटीच्या बुडाशी राखाडी लव फुटलीय.