कॅलिफोर्निया विधिमंडळाची लेजइन्फो साइट: बरेच महिने वापरल्यावर

आमच्या घरात इन्सुलिन रोज लागतं, त्यामुळे एसबी 40 (सेनेट बिल, म्हणजे सेनेट या वरच्या सभागृहातलं विधेयक) आल्यापासून ही साइट माझ्या फोनवर उघडीच असते. महिनाभराच्या इन्सुलिनला पेशंटकडून 35 डॉलरच्या वर घ्यायचे नाहीत, एवढंच त्या बिलाचं म्हणणं. 2023 मध्ये असंच एसबी 90 पास झालं होतं आणि गव्हर्नर न्यूसमनी व्हेटो केलं, म्हणून या वेळी बातम्यांच्या भरवशावर राहायचं नाही, बिल आपणच बघायचं असं ठरवलं.

शोधताना आधी सेशन 2025-2026 निवडा, बिलांचे नंबर दर सेशनला नव्याने सुरू होतात, नाहीतर भलतंच एसबी 40 वाचत बसाल. मजकूर बदलला की काढलेलं खोडलेलं दिसतं आणि नवीन तिरप्या अक्षरात, ते छानच आहे, पण खरा माल ‘बिल अ‍ॅनालिसिस’मध्ये. कमिटीचा स्टाफ आजचा कायदा काय, खर्च किती, आधी अशी कुठली बिलं आली होती सगळं लिहितो आणि शेवटी पाठिंबा कोणाचा, विरोध कोणाचा त्याची नावानिशी यादी. हा कायदा राज्याच्या नियमाखालच्या हेल्थ इन्शुरन्स प्लॅन्सनाच लागू, नोकरी देणारी जी कंपनी क्लेमचे पैसे स्वतःच्या खिशातून भरते तिच्या प्लॅनला नाही, हे समजल्यावर मी लगेच एचआरला ईमेल टाकून आमचा प्लॅन कुठल्या प्रकारचा ते विचारून घेतलं. ऑक्टोबर 2025 मध्ये बिलावर गव्हर्नरची सही झाली, मोठ्या ग्रुप प्लॅन्सना (मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांचे) 1 जानेवारी 2026 पासून लागू. आमचा त्यात बसतो.

इथवर मी पाचपैकी पाच स्टार दिले असते. मग ‘व्होट्स’ टॅब नीट बघायला लागलो.

तिथे तीन याद्या असतात: आयेज (बाजूने), नोज (विरोधात) आणि ‘नो व्होट्स रेकॉर्डेड’ (मत नोंदवलंच नाही). ही तिसरी यादी माझ्या डोक्यातून जातच नाही. सुरुवातीला वाटायचं हे लोक गैरहजर असतील, आजारी असतील. पण इथे साधं बिल पास व्हायला हजर असलेल्यांचं नाही, एकूण सदस्यांचं बहुमत लागतं, असेंब्लीत (खालचं सभागृह) 80 पैकी 41 आणि सेनेटमध्ये 40 पैकी 21. म्हणजे मत न देणं हे बिलाच्या दृष्टीने विरोधासारखंच, फक्त नावापुढे ‘नाही’ लागत नाही! जातीभेदाविरुद्धचं एसबी 403 बघा, 2023 मध्ये असेंब्लीत 50 विरुद्ध 3 ने पास झालं, बाकीचे सगळे तिसऱ्या यादीत. तुमची बाजू कुठलीही असो, आपल्या सदस्याचं मत काय ते तरी कळायला नको? त्यातून असेंब्लीत मतदान झाल्यावरही निकाल बदलत नसेल तर मत टाकता किंवा फिरवता येतं. भाडेकरूंच्या एका बिलावर आमच्या भागातल्या सदस्याचं नाव याच यादीत सापडलं, ऑफिसला फोन केला, पत्रही लिहिलं, कारण काही मिळालं नाही. फार राग आला.

पण थांबा, हे बोलताना तिकडचंही आठवतं. आपल्या विधानसभेत बहुतेक बिलं आवाजी मतदानाने पास होतात, तिथे कोण काय म्हणालं याची नावानिशी यादीच राहत नाही. इथे निदान गप्प बसणाऱ्याचं नाव तरी छापलं जातं, आणि 2016 मध्ये मतदारांनी मंजूर केलेल्या प्रपोझिशन 54 मुळे शेवटच्या मतदानाआधी 72 तास अंतिम मजकूर ऑनलाइन ठेवावाच लागतो. म्हणून साइटला मी चारच्या खाली जाणार नाही, कापलेला एक स्टार सदस्यांच्या नावावर.

एक कमी मात्र आहे, एकाच सदस्याची सगळी मतं लेजइन्फोवर एकत्र दिसत नाहीत, बिलागणिक शोधावं लागतं. त्यासाठी कॅलमॅटर्स या वृत्तसंस्थेची ‘डिजिटल डेमोक्रसी’ साइट वापरा, तेही फुकट. बिल वाचायला आणि ‘ट्रॅक बिल’वरून ईमेल मिळवायला लेजइन्फो, माणूस तपासायला ते. आपला सदस्य कोण माहीत नसेल तर विधिमंडळाच्याच ‘फाइंड युअर रेप’ पानावर घरचा पत्ता टाका, असेंब्ली आणि सेनेट दोन्हीकडची नावं येतात.