चित्रं जपणारी ५८ ग्रॅमची डबी

मागच्या गणपतीत माझी जुनी हार्ड डिस्क टेबलावरून पडली. आत चार वर्षांचं काम होतं. दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांच्या जेपीजी संपादकांना पाठवलेल्या मेलमध्ये सापडल्या. आजी दळण निवडत बसलेली असताना काढलेली रेखाटनं मात्र कायमची गेली. अजून पोटात कालवतं.

त्यानंतर सॅमसंगची टी७ घेतली, १ टीबीची. ही फाइल्स साठवायची, बाहेरून जोडायची छोटी डबी. एसएसडी (चिपवर साठवणारी ड्राइव्ह) असल्यामुळे आत फिरणारी तबकडी नाही, म्हणून पडझडीची धास्ती कमी. वाचण्याचा वेग कंपनी सेकंदाला १,०५० एमबीपर्यंत सांगते. प्रत्यक्षात तो तुमच्या पोर्टवरही ठरतो. पासवर्ड लावता येतो. मी ती यूएसबी-सी पोर्ट असलेल्या आयपॅडला थेट जोडते आणि ‘फाइल्स’मधून चित्रं उतरवते. दर रविवारी, चहा व्हायच्या आत काम उरकतं.

प्रोक्रिएट हे आयपॅडवर चित्रं काढायचं ॲप वापरणाऱ्यांनो, ॲप डिलीट केलं की गॅलरीही जाते, हे कृपा करून लक्षात ठेवा. आणि नुसती जेपीजी ठेवू नका, तिच्यात लेअर्स, म्हणजे चित्राचे वेगवेगळे थर, राहत नाहीत. मूळ .प्रोक्रिएट फाइल हवी, शिवाय पीएसडी (फोटोशॉपची फाइल), म्हणजे उद्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्येही लेअर्ससकट उघडेल.

एक मर्यादा कुठल्याही एसएसडीची: वर्षानुवर्षं वीज न देता कपाटात ठेवायची ही वस्तू नव्हे. म्हणून माझी दुसरी प्रत क्लाउडवर असते आणि तिसरी नाशिकला, ताईच्या कपाटातल्या हार्ड डिस्कवर. दिवाळीला गेले की ती अद्ययावत करते.