अतिसंवाहकाचं किट: चकती पैसे वसूल, पुस्तिका मात्र बाजूला ठेवा

कॉलेजच्या प्रयोगशाळेसाठी अतिसंवाहकतेचं, म्हणजे पुरेसं थंड केल्यावर काही पदार्थांचा विद्युत रोध शून्य होतो ते दाखवणारं, किट घ्यावं का, असं विचारणाऱ्यांना आधीच सांगते: घ्या. फक्त सोबतची पुस्तिका जशीच्या तशी मुलांच्या हाती देऊ नका.

खोक्यात वायबीसीओची, म्हणजे इट्रियम, बेरियम आणि तांब्याच्या ऑक्साइडची काळी चकती, निओडिमियमचे छोटे चुंबक, प्लॅस्टिकचा चिमटा, थर्माकोलची वाटी आणि तारा जोडलेली दुसरी चकती येते. द्रव नायट्रोजन आपला आपण आणायचा. आम्हाला तो कृत्रिम रेतन केंद्रातून मिळाला. गोठवलेलं वीर्य त्यातच ठेवतात, त्यामुळे दूधधंद्याच्या भागात फारशी अडचण येऊ नये.

चकती अव्वल आहे. नायट्रोजन ओतला की आधी खळाखळा उकळतो. उकळी बसली की चकती 77 केल्विनला (उणे 196 अंश सेल्सिअसला) आली समजायचं. वर सोडलेला चुंबक अधांतरी थांबतो, टिचकी मारली की गरगरत राहतो. मधे पुठ्ठ्याचा तुकडा ठेवून चुंबकासकट चकती थंड केली आणि मग चुंबक उचलला, तर खालून चकतीही लोंबकळत वर येते. इथे वर्गात हमखास आरडाओरडा.

पुस्तिका हे सगळं माइसनर परिणामाच्या नावावर खपवते. माइसनर आणि ओक्सेनफेल्ड यांनी 1933 मध्ये दाखवलं ते चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकललं जाणं. नुसत्या ढकलण्यानं चकती वर कशी येईल? वायबीसीओ दुसऱ्या प्रकारचा अतिसंवाहक. त्यात क्षेत्र बारीक नळ्यांच्या रूपात शिरतं आणि त्या नळ्या पदार्थातल्या दोषांपाशी अडकून बसतात. चकती उचलली जाते ती त्यामुळे.

खरा राग सिद्धांताच्या पानावर. बार्डीन, कूपर आणि श्रीफर यांचा 1957 चा सिद्धांत तिथे नीट मांडलाय: इलेक्ट्रॉन जाताना धन आयन किंचित त्याच्याकडे ओढले जातात, त्या दाटलेल्या धनभाराकडे दुसरा इलेक्ट्रॉन खेचला जातो, जोडी जमते. पाऱ्याला, शिशाला हे लागू पडतं. पाऱ्याचा जड समस्थानिक घेतला की संक्रमण तापमान, म्हणजे ज्याच्या खाली पदार्थ अतिसंवाहक होतो ते, उतरतं हे 1950 मध्येच दिसलं होतं, म्हणजे आयनांच्या कंपनांचा हात त्यात आहेच. पण पुस्तिकेनं तेच चित्र वायबीसीओलाही चिकटवलंय! 1987 मध्ये सापडलेला हा पदार्थ 90 केल्विनच्या वर अतिसंवाहक होतो, आणि त्यातला ऑक्सिजन-16 काढून जड ऑक्सिजन-18 घातला तरी हे तापमान जेमतेम हलतं. जोड्या इथेही आहेत, पण त्यांची ऊर्जा-फट, म्हणजे जोडी मोडायला लागणारी किमान ऊर्जा, काही दिशांना शून्य होते. त्यांना बांधतं कोण? तांब्याच्या अणूंवरच्या स्पिनांमधल्या (इलेक्ट्रॉनच्या इवल्या चुंबकांमधल्या) चुंबकीय आंतरक्रियेकडे बऱ्याच जणांचा कल आहे, पण एकमत अजून नाही. एवढा मोठा उघडा प्रश्न पुस्तिकेनं दीड परिच्छेदात मिटवून टाकला. मी त्या पानावर स्वतःचं पान चिकटवलं.

रोध मोजायची चकतीही चालते. 92 केल्विनच्या आसपास व्होल्टेज धाडकन शून्यावर येतं. आमची एक तार मात्र लवकरच सुटली. कंपनीचं उत्तर: परत पाठवा, कुरिअरचा खर्च तुमचा. शेवटी सिल्व्हर पेंटनं आम्हीच चिकटवली.

प्रयोग झाल्यावर चकतीवर दव जमतं, आणि ओल हा तिचा शत्रू. हेअर ड्रायरनं पूर्ण सुकवा आणि सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डबीत ठेवा. पुस्तिकेत याबद्दल एक ओळही नाही.